मोटारगाडीतील रिलेची चाचणी : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

कल्याण–बदलापूर राज्यमार्गावर सायंकाळी वाहनांच्या रांगा लागतात. अशा रांगेत इंजिन चालू असते, गाडी मात्र जागची हलत नाही. समोरून वारा मिळत नसल्याने रेडिएटर थंड ठेवण्याचे सर्व काम विजेवर चालणाऱ्या पंख्यावर येऊन पडते. नेमक्या याच वेळी पंखा सुरू झाला नाही तर तापमानदर्शकाचा काटा काही मिनिटांत लाल रेषेपर्यंत जातो आणि चालकाने वेळीच इंजिन बंद न केल्यास हेड गॅस्केट जाणे, सिलिंडर हेड वाकणे इथपर्यंत मजल जाते. इंजिनचा हा खर्च हजारो रुपयांचा असतो. त्यामागील मूळ दोष मात्र पुष्कळदा काही शे रुपयांच्या रिलेत, किंवा रिले ज्यात बसतो त्या सॉकेटमधील एका सैल झालेल्या पितळी पट्टीत असतो.

याच्या उलट प्रकारही तितकाच घडतो. पंखा फिरत नाही म्हणून रिले बदलला जातो, तरीही फिरत नाही म्हणून मोटर बदलली जाते आणि अखेरीस बॉडी अर्थची तार गंजलेली आढळते. अंदाजाने सुटे भाग बदलत जाणे ही निदानाची पद्धत नव्हे. तिचा भुर्दंड गाडीमालकास पडतो आणि कारागिराचा लौकिकही त्यात घटतो. प्रस्तुत लेखात मोटारगाडीतील रिलेची चाचणी शास्त्रशुद्ध रीतीने कशी करावी, याचे विवेचन केले आहे. रिलेतून येणारा ‘टक’ असा आवाज हा रिले निर्दोष असल्याचा पुरावा समजला जातो. हा समज अपुरा आहे आणि प्रत्यक्ष भाराखाली रिलेच्या संपर्कबिंदूंवर किती विभवांतर, म्हणजे व्यवहारातील व्होल्टेज, वाया जाते हे मोजल्याखेरीज निदान पूर्ण होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रिलेची रचना व कार्य

लहान विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने मोठा विद्युतप्रवाह चालू वा बंद करणारा चुंबकीय स्विच म्हणजे रिले होय. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३० च्या दशकात या तत्त्वाचा उपयोग केला आणि पुढे तारायंत्राच्या लांब पल्ल्याच्या संदेशवहनात ते रूढ झाले. मोटारगाडीत त्याची गरज वेगळ्या कारणाने भासते. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. एवढा प्रवाह स्टिअरिंगखालील नाजूक स्विचमधून सतत नेला तर स्विचचे संपर्क जळतात आणि लांब तारेत व्होल्टेज घटून दिवे मंद होतात. रिलेमुळे स्विचमधून जेमतेम दीड-दोन दशांश अँपिअर प्रवाह जातो; मोठा प्रवाह बॅटरीपासून जाड तारेने, रिलेमार्गे, थेट दिव्यांकडे जातो.

सर्वसाधारण चौकोनी रिलेवर ३०, ८५, ८६ व ८७ असे आकडे छापलेले असतात. हे आकडे जर्मन मानकातून आले असून जगभर रूढ झाले आहेत. ८५ व ८६ ही आतील तांब्याच्या वेटोळ्याची, म्हणजे कॉइलची दोन टोके होत. ३० या टोकास बॅटरीचा धन प्रवाह येतो आणि ८७ मधून तो पंखा, दिवा, हॉर्न वा इंधनपंप यांकडे जातो. पाच पिनांच्या रिलेत ८७ए हे आणखी एक टोक असते. कॉइलमध्ये प्रवाह नसताना ३० हे ८७ए शी जोडलेले असते. बारा व्होल्टच्या कॉइलचा रोध बहुधा ५० ते १२० ओहमच्या दरम्यान भरतो.

कॉइलचा प्रवाह तोडताच तिच्यात क्षणभर उलट दिशेचे, शंभर व्होल्टच्याही वर जाणारे विभवांतर निर्माण होते. ते गाडीतील संगणकास, म्हणजे ईसीयूस, घातक ठरू नये म्हणून अनेक रिलेंत कॉइलला समांतर असा रोधक किंवा डायोड बसविलेला असतो. डायोड असलेल्या रिलेत ८६ ला धन व ८५ ला ऋण टोकच जोडावे लागते. उलट जोडणी केल्यास डायोडमधूनच प्रवाह वाहून तो जळतो. रिलेच्या कवचावर छापलेली छोटी आकृती पाहिल्याशिवाय कोणतीही चाचणी सुरू करू नये.

‘टक’ या आवाजाच्या मर्यादा

रिलेने ‘टक’ असा आवाज केला तर तीनच गोष्टी सिद्ध होतात: कॉइल तुटलेली नाही, तिच्यापर्यंत प्रवाह पोहोचतो आहे आणि आतील लोखंडी पट्टी हलते आहे. ज्या कामासाठी रिले बसविला आहे ते काम, म्हणजे मोठा प्रवाह वाहून नेणे, तो करतो किंवा नाही याविषयी हा आवाज काहीही सांगत नाही.

संपर्कबिंदू जुळताना व विलग होताना त्यांच्यात सूक्ष्म ठिणगी पडते. मोटर आणि हॉर्न यांसारख्या वेटोळेयुक्त भारात ही ठिणगी अधिक तीव्र असते. (आपल्या रस्त्यांवर हॉर्नच्या रिलेइतके कष्ट गाडीतील दुसऱ्या कोणत्याही रिलेस पडत नसावेत.) हजारो वेळा ठिणगी पडून संपर्काचा पृष्ठभाग खडबडीत होतो, त्यावर काजळी धरते आणि रोध वाढतो. समजा हा रोध केवळ ०.०५ ओहम झाला आणि पंखा २० अँपिअर घेत असेल, तर संपर्कावर १ व्होल्ट वाया जातो आणि तेथे २० वॅट उष्णता निर्माण होते. लहान सोल्डरिंग आयर्नची उष्णता जवळपास एवढीच असते. ती काडेपेटीपेक्षाही लहान अशा प्लास्टिकच्या डबीत कोंडली गेल्यास काय होईल, याची कल्पना वाचकांनी करावी. रिलेचे कवच तपकिरी पडणे व सॉकेट वितळणे ही त्याचीच चिन्हे होत.

येथे मल्टिमीटरच्या ओहम मापनाचा उपयोग होत नाही. साधा मल्टिमीटर रोध मोजताना अत्यल्प प्रवाह सोडतो आणि त्याच्या स्वतःच्या दोन तारांचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम दाखविला जातो. त्यात ०.०५ ओहम दिसण्याची शक्यता नाही. म्हणूनच टेबलावर ‘कंटिन्युइटी’ची शिटी वाजविणारा रिले गाडीत निकामी ठरतो.

आवाज आला नाही म्हणजे रिले बिघडला, हे अनुमानही घाईचे होय. पुष्कळ गाड्यांत पंख्याच्या रिलेस ऋण टोक ईसीयू पुरविते आणि तेही इंजिन ठरावीक तापमानास पोहोचल्यावरच. थंड इंजिनवर पंख्याचा रिले गप्प असेल तर तो आपले कर्तव्यच बजावत आहे.

गाडीतील चाचणी

प्रथम फ्यूज तपासावा. फ्यूज नुसता डोळ्यांनी न पाहता त्याच्या दोन्ही बाजूंस व्होल्टेज येते का ते पाहावे. त्यानंतर रिले काढून रिकाम्या सॉकेटची तपासणी करावी. ३० च्या खाचेत बॅटरीइतके व्होल्टेज मिळावयास हवे. मात्र केवळ मीटरवर विसंबू नये. गंजून एकाच धाग्यावर तग धरलेली तारही भार नसताना मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दाखविते, कारण मीटर प्रवाह जवळजवळ घेतच नाही. येथे जुन्या पद्धतीचा टेस्ट लॅम्प अधिक विश्वासू आहे. ३० च्या खाचेत तो प्रखर पेटला तरच पुरवठा निर्दोष समजावा. ८५ व ८६ या खाचांत मात्र टेस्ट लॅम्प वापरू नये. त्यातील दिवा कॉइलपेक्षा अधिक प्रवाह ओढू शकतो व ईसीयूतील नाजूक भाग जळू शकतो. तेथे मल्टिमीटरच वापरावा आणि संबंधित स्विच चालू केल्यावर दोन खाचांच्या दरम्यान १२ व्होल्ट येतात का ते पाहावे.

या तपासण्या समाधानकारक ठरल्यास ३० व ८७ या खाचा जाड तारेने, मध्ये योग्य क्षमतेचा फ्यूज घालून, क्षणभर जोडाव्यात. पंखा फिरला तर मोटर व तिचा अर्थ ठीक असून दोष रिलेकडे जातो. न फिरल्यास रिले निर्दोष असण्याचीच शक्यता अधिक. बॉनेट उघडे ठेवून ही कृती करताना बाही, ओढणी वा साडीचा पदर पंख्यापासून दूर ठेवावा, कारण तो कोणतीही सूचना न देता पूर्ण वेगाने सुरू होतो. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत वायूचा वास येत असल्यास ठिणगी पाडणारे कोणतेही काम करू नये. एअरबॅगच्या पिवळ्या आवरणातील जोडण्यांना हात लावू नये.

हॉर्नचा चालू स्थितीतील रिले पंख्याच्या जागी बसवून पाहणे ही गॅरेजमधील जुनी व उपयुक्त युक्ती आहे. मात्र दोन रिले दिसावयास सारखे असले तरी काही प्रकारांत ३० व ८६ यांच्या जागा परस्परांत बदललेल्या असतात. दोन्ही रिलेंवरील आकृती व अँपिअरचा आकडा जुळत असेल तरच अदलाबदल करावी.

आता मुख्य चाचणी. रिले जागेवर बसवून, भार चालू करून, मल्टिमीटर थेट विभवांतराच्या २० व्होल्टच्या मापनावर ठेवावा. लाल टोक ३० ला व काळे टोक ८७ ला लावावे. रिले निर्दोष असेल तर हे मापन शून्याच्या अगदी जवळ, साधारणतः ०.२ व्होल्टच्या आत येते. ०.५ व्होल्टच्या पुढे गेल्यास रिले वा सॉकेट संशयास्पद होय. पूर्ण १२ व्होल्ट आले तर संपर्क जुळतच नाही. रिले बसविल्यावर पिना झाकल्या जातात ही अडचण खरी आहे. तिच्यावर सोपा उपाय असा की, बाजारात मिळणारे रिलेचे सुटे सॉकेट घ्यावे, त्यास वितभर लांबीच्या जाड तारा जोडाव्यात, तारांची दुसरी टोके जुन्या रिलेच्या पिनांना सोल्डर करावीत आणि असा जोड गाडीच्या सॉकेटमध्ये बसवून त्यावर मूळ रिले लावावा. मग चारही टोके मापनासाठी उघडी मिळतात. असे साधन एकदा तयार केले की वर्षानुवर्षे उपयोगी पडते.

हेच मापन पुढे नेता येते. बॅटरीच्या धन टोकापासून ३० पर्यंत, ८७ पासून मोटरपर्यंत आणि मोटरच्या ऋण टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत, असे टप्प्याटप्प्याने भाराखाली मोजत गेल्यास वाया जाणारा प्रत्येक दशांश व्होल्ट कोठे जातो ते कळते. तीन-चार मापनांत दोषाचे स्थान निश्चित होते आणि एकही सुटा भाग विनाकारण बदलावा लागत नाही.

टेबलावरील चाचणी

गाडीबाहेर रिले तपासावयाचा झाल्यास १२ व्होल्टची बॅटरी, फ्यूज असलेल्या तारा आणि ५५ वॅटचा हॅलोजन दिवा एवढे साहित्य पुरेसे आहे. ८६ ला धन व ८५ ला ऋण टोक द्यावे. ३० ला फ्यूजमार्फत धन टोक जोडून ८७ व बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये दिवा लावावा. दिवा पेटल्यावर ३० व ८७ यांच्या दरम्यानचे व्होल्टेज मोजावे आणि रिले दहा मिनिटे तसाच चालू ठेवावा. दिवा तापतो व चटका देतो, याचे भान ठेवावे.

दहा मिनिटांची ही अट अनावश्यक वाटेल, पण तिच्यामागे कारण आहे. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. कॉइलचे तापमान ६० अंशांनी वाढले तर ८० ओहमची कॉइल ९९ ओहमच्या आसपास जाते, तिच्यातील प्रवाह त्या प्रमाणात घटतो आणि चुंबकीय ओढ क्षीण होते. सकाळी सुरळीत चालणारा व दुपारी इंजिन तापल्यावर दगा देणारा रिले हा पुष्कळदा या कारणाने, अथवा आतील सोल्डरचा तडकलेला सांधा उष्णतेने उघडल्याने, तसा वागतो. थंड रिलेची क्षणिक चाचणी घेऊन त्यास निर्दोष ठरविणे म्हणूनच योग्य नव्हे. चाचणी चालू असताना स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने कवचावर हलकेच टकटक करावी. दिवा लुकलुकला तर रिले बाद करावा.

संपर्क ठिणगीने एकमेकांस चिकटून बसणे हा आणखी एक दोष. अशा रिलेमुळे इंजिन बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो व सकाळी बॅटरी उतरलेली आढळते. उल्हासनगर, विठ्ठलवाडी, अंबरनाथ व बदलापूर या स्थानकांवरून दररोज प्रवास करणाऱ्या वाचकांना येथे एक तुलना रोचक वाटेल. भारतीय रेल्वेच्या सिग्नल व्यवस्थेत सुरक्षिततेशी निगडित अनेक रिलेंचे संपर्क धातू व कार्बन यांचे असतात, कारण कार्बन धातूस वितळून चिकटत नाही. मोटारगाडीचा रिले इतक्या कडक कसोटीवर घडविलेला नसतो. तो चिकटू शकतो, हे गृहीत धरूनच त्याची तपासणी करावी लागते.

पूर, नाल्याची हवा आणि सॉकेट

आपल्या परिसरात रिलेपेक्षा त्याचे सॉकेट अधिक लक्ष वेधून घेते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, त्याच सुमारास उल्हास नदीच्या पुराने काठच्या वस्त्यांना वेढा दिला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकून हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. त्याच पुरात बदलापूर पश्चिमेकडील सखल भागांत पाणी शिरले. असे पाणी गाडीच्या फ्यूजबॉक्सपर्यंत गेले तर हानी भिजण्याने होते त्याहून अधिक विजेमुळे होते. ३० ची खाच सदैव बॅटरीस जोडलेली असते. गढूळ, क्षारयुक्त पाण्यात तिच्यापासून शेजारच्या ऋण टोकाकडे विद्युतप्रवाह वाहू लागतो आणि विद्युतविच्छेदनाने धन बाजूची तांब्या-पितळेची पट्टी अक्षरशः विरघळत जाते. नंतर दिसणारा हिरवा थर तो हाच. गॅरेजच्या भाषेत त्यास ‘कार्बन धरला’ असे म्हणतात, परंतु तो तांब्याचा क्षार असतो.

यावरून कृतीचा क्रम ठरतो. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीस चावी लावून पाहण्याचा मोह टाळावा आणि सर्वप्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. बॅटरी जोडलेली ठेवून आठ दिवस गाडी उन्हात सुकविणे म्हणजे गंजास आठ दिवसांची मुदत देणे होय. त्यानंतर रिले व फ्यूज काढून, सॉकेटमधील गाळ स्वच्छ पाण्याने धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोल वा कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून ते पूर्ण कोरडे करावे. भिजलेले रिले सुकवून वापरण्याची काटकसर प्रस्तुत लेखकास मान्य नाही. कवचाच्या आत राहिलेली माती बाहेरून दिसत नाही.

नाल्यांचा प्रश्न निराळा आहे. वालधुनीचे प्रदूषण सर्वपरिचित आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात सोडलेल्या रासायनिक सांडपाण्यातून निघालेल्या विषारी वायूमुळे उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात जावे लागले होते. त्यापुढे गाडीच्या रिलेची चिंता ही अगदीच क्षुल्लक, तथापि रसायनशास्त्र तेच आहे. कुजणाऱ्या सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो आणि त्याने चांदी काळवंडते. घरातील पैंजण व समया यांवर हा परिणाम दिसतो. रिलेचे संपर्कबिंदूही चांदीच्या मिश्रधातूंचे असतात. मोठा प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांवरील हा काळा थर ठिणगीने जळून जातो, मात्र क्वचित वापरात येणाऱ्या वा अल्प प्रवाह वाहणाऱ्या संपर्कांवर तो साचत राहतो. नाल्यालगत दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी म्हणूनच बंदिस्त, रबरी सील असलेले रिले निवडावेत.

संपर्क काळे पडले म्हणून कवच उघडून पॉलिश पेपरने घासणे ही पुष्कळ ठिकाणी रूढ असलेली दुरुस्ती आहे. तिने चार दिवस काम भागते; परंतु चांदीचा पातळ थर घासला गेल्यावर खालचे तांबे उघडे पडते व ते अधिक वेगाने जळते. रस्त्यात अडकलेल्या गाडीस घरी नेण्यापुरतीच ती मान्य करावी.

सॉकेटची पकड तपासण्याची युक्ती सोपी आहे. जुन्या रिलेची एक सुटी पिन प्रत्येक खाचेत घालून काढावी. इतर खाचांच्या मानाने जेथे ती सहज निसटते तेथील पट्टी उष्णतेने सैल झालेली असते. अशा सॉकेटमध्ये नवा रिले बसविल्यास तोही काही महिन्यांत जळतो आणि दोष निष्कारण रिलेच्या माथी येतो.

‘डायरेक्ट’ करण्याविषयी

रिले काढून ३० व ८७ कायमचे जोडणे, यास व्यवहारात ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात. पंख्याच्या बाबतीत इंजिन वाचविण्यासाठी तात्पुरते हे समर्थनीय आहे. इंधनपंपाच्या बाबतीत ते धोक्याचे आहे. इंजिन बंद पडताच ईसीयू पंपाचा रिले सोडून देते; अपघातात फुटलेल्या नळीतून पेट्रोल वाहत राहू नये, हा त्यातील एक हेतू असतो. पंप डायरेक्ट केल्यास ही संरक्षक व्यवस्थाच नाहीशी होते. बदलापूर–कर्जत रस्त्यासारख्या अंधाऱ्या मार्गांसाठी मूळ दिव्यांच्या जागी १०० वॅटचे दिवे बसविले जातात, तेव्हाही प्रश्न रिलेचाच असतो. १६ ते १७ अँपिअर प्रवाह मूळ वायरिंगमधून गेल्यास तारांचे आवरण वितळते. वाढीव दिव्यांसाठी स्वतंत्र रिले, स्वतंत्र फ्यूज व जाड तार न घालणे ही बचत नव्हे.

नव्या गाड्यांतील स्थिती

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मेकॅनिक मोटर व्हेइकल या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्या तरुणांपुढे आता निराळ्या रचनेच्या गाड्याही येतात. अनेक रिले सर्किट बोर्डावरच सोल्डर केलेले असतात, तर काहींची जागा हलणारा कोणताही भाग नसलेल्या अर्धवाहक स्विचने घेतली आहे. ‘टक’ असा आवाज तेथे मुळीच येत नाही. असा भाग काढून टेबलावर तपासणे शक्य नसले तरी बोर्डाकडे येणारी तार व बोर्डाकडून जाणारी तार यांच्या दरम्यानची व्होल्टेजची घट भाराखाली मोजता येतेच. विद्युत वाहनांतील मुख्य बॅटरीचा प्रवाह जोडणारे कॉन्टॅक्टर हेही तत्त्वतः रिलेच होत. परंतु तेथील विभवांतर शेकडो व्होल्टचे असते आणि नारिंगी आवरणाच्या त्या तारांवर वर वर्णिलेली एकही कृती करू नये. त्याच वाहनातील हॉर्न, दिवे व वायपर मात्र १२ व्होल्टच्या स्वतंत्र बॅटरीवर चालतात. त्यांच्या रिलेंना ०.२ व्होल्टची तीच कसोटी लागू पडते.